दोन विमानतळांमधील अंतर

(एका गावाहून दुसरे गाव किती दूर आहे, हा प्रश्न आपण रोज ऐकतो. त्याचे उत्तर मात्र वाटते तितके सोपे नाही. विमान आकाशातून जाते. तेथे रस्ता नसतो, रूळ नसतात, मैलाचे दगडही नसतात. मग दोन विमानतळांमधील अंतर कसे मोजतात? या पाठात आपण ते समजून घेऊ आणि स्वतः मोजूनही पाहू.)

मुलांनो, मुंबईहून नागपूर किती दूर आहे, असे तुम्हांला कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल?

रेल्वेचे वेळापत्रक पाहणारा मुलगा सांगेल, "सुमारे ८४० किलोमीटर." समृद्धी महामार्गाची माहिती असलेली मुलगी सांगेल, "७०१ किलोमीटर." तिसरा कोणी सांगेल, "विमानाने जाणार असाल तर सुमारे ६८२ किलोमीटर." आता या तिघांपैकी खरे कोण?

तिघेही खरे आहेत. आगगाडी कसारा घाट चढते, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा अशी गावे घेत नागपूरला पोहोचते. म्हणून तिची वाट लांब आहे. समृद्धी महामार्ग बराच सरळ काढला आहे, म्हणून तो कमी लांबीचा आहे. शिवाय तो मुंबई शहरात सुरू होत नाही. तो भिवंडीजवळच्या आमणे या गावी सुरू होतो. विमानाला घाट नाही, नदी नाही, वळण नाही. त्यामुळे त्याचे अंतर सर्वांत कमी आहे. या अंतराला 'हवाई अंतर' असे म्हणतात.

म्हणजे अंतर सांगताना नुसता आकडा सांगून भागत नाही. कोणीही अंतराचा आकडा सांगितला, तर आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न : कोठून कोठे? दुसरा प्रश्न : कोणत्या वाटेने? तिसरा प्रश्न : कोणत्या एककात? हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. या पाठात ते आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

पहिला प्रश्न पाहू. 'मुंबईपासून' असे आपण सहज म्हणतो. पण मुंबई म्हणजे नेमकी कोणती जागा? कुलाबा की दहिसर? शहर कित्येक किलोमीटर पसरलेले आहे. मुंबईचा जुना मोठा विमानतळ सांताक्रूझ, विलेपार्ले आणि अंधेरी या भागांत आहे. २०२५ सालच्या डिसेंबर महिन्यापासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमाने उडू लागली. या दोन विमानतळांमध्येच सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर आहे. म्हणून विमानाचे अंतर शहरापासून मोजत नाहीत, विमानतळापासून मोजतात. विमानतळही काही लहान नसतो. त्यासाठी प्रत्येक विमानतळावर एक ठरावीक बिंदू मानलेला असतो. तो बहुधा धावपट्ट्यांच्या मध्यभागाजवळ असतो. त्या बिंदूपासून दुसऱ्या विमानतळाच्या तशाच बिंदूपर्यंत अंतर मोजतात.

हजला किंवा उमराहला जाऊन आलेली वडीलधारी माणसे तुमच्या घरात किंवा शेजारी असतील. त्यांना विचारा. ती सांगतील की विमान मक्का शहरात उतरत नाही, कारण तेथे विमानतळ नाही. विमान जेद्दा येथे उतरते आणि पुढचा प्रवास जमिनीवरून होतो. म्हणून 'मुंबई ते मक्का' आणि 'मुंबई ते जेद्दा विमानतळ' ही दोन अंतरे वेगवेगळी आहेत.

आता प्रश्न असा, की त्या बिंदूची जागा सांगायची कशी? भूगोलाच्या उर्दू पुस्तकात तुम्ही 'अर्ज-उल-बलद' आणि 'तूल-उल-बलद' हे शब्द वाचले आहेत. मराठीत त्यांना अनुक्रमे 'अक्षांश' आणि 'रेखांश' म्हणतात. विषुववृत्तापासून आपण उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश आहोत, हे अक्षांश सांगतो. इंग्लंडमधील ग्रिनिच येथून जाणाऱ्या मूळ रेखावृत्तापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंश आहोत, हे रेखांश सांगतो. हे दोन आकडे मिळाले की पृथ्वीवरील जागा पक्की होते. एखाद्या घराला गल्लीचे नाव आणि घराचा क्रमांक असतो, तसेच हे.

आपल्याला लागणाऱ्या पाच विमानतळांचे आकडे पुढे दिले आहेत. ते वहीत उतरवून घ्या.

मुंबई : १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व
नागपूर : २१.०९ अंश उत्तर, ७९.०५ अंश पूर्व
दिल्ली : २८.५७ अंश उत्तर, ७७.१० अंश पूर्व
बंगळुरू : १३.२० अंश उत्तर, ७७.७१ अंश पूर्व
जेद्दा : २१.६८ अंश उत्तर, ३९.१६ अंश पूर्व

प्रथम सर्वांत सोपे उदाहरण घेऊ. दिल्ली आणि बंगळुरू यांचे रेखांश पाहा. ७७.१० आणि ७७.७१. म्हणजे ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. एक दुसऱ्याच्या बरोबर खाली आहे, असे म्हटले तरी चालेल. आता पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश असतात. ४०,००० ला ३६० ने भागले की सुमारे १११ येतात. म्हणजेच उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश गेलो, की आपण १११ किलोमीटर गेलो.

दिल्ली आणि बंगळुरू यांच्या अक्षांशांची वजाबाकी करा. २८.५७ वजा १३.२० म्हणजे १५.३७ अंश. त्याला १११ ने गुणा. उत्तर १,७०६ येते. दिल्ली ते बंगळुरू हे हवाई अंतर सुमारे १,७०० किलोमीटर आहे. पाहा, एक वजाबाकी आणि एक गुणाकार, एवढ्यात आपण अर्धा भारत मोजला!

आता जरा कठीण उदाहरण घेऊ. मुंबईहून नागपूर उत्तरेलाही आहे आणि पूर्वेलाही. उत्तरेकडचा भाग सोपा आहे. २१.०९ वजा १९.०९ म्हणजे २ अंश. २ गुणिले १११ म्हणजे २२२ किलोमीटर. पूर्वेकडचा भाग ७९.०५ वजा ७२.८७, म्हणजे ६.१८ अंश आहे. यालाही १११ ने गुणायचे का? नाही! येथेच पुष्कळ विद्यार्थी फसतात.

पृथ्वीगोल हातात घेऊन नीट पाहा. सर्व रेखावृत्ते विषुववृत्तावर एकमेकांपासून दूर असतात. जसजसे ध्रुवाकडे जावे, तसतशी ती जवळ येतात आणि ध्रुवावर एकत्र मिळतात. सोललेल्या मोसंबीच्या फोडी आठवा. फोड मध्यभागी रुंद असते आणि टोकाला निमुळती होते. म्हणून पूर्व-पश्चिम दिशेचा एक अंश सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा असतो. २० अंश अक्षांशावर, म्हणजे मुंबई-नागपूरच्या पट्ट्यात, तो १११ गुणिले ०.९४, म्हणजे सुमारे १०४.३ किलोमीटर भरतो. हे ०.९४ म्हणजे २० अंशांच्या कोनाची 'कोसाइन' किंमत होय. ती गणिताच्या कोष्टकात मिळते. ६० अंश अक्षांशावर तर हा अंश बरोबर निम्मा होतो.

६.१८ गुणिले १०४.३ म्हणजे सुमारे ६४५ किलोमीटर. आता आपल्याजवळ काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू आहेत. उत्तरेकडे २२२ आणि पूर्वेकडे ६४५. कर्ण किती? पायथागोरसचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. २२२ चा वर्ग ४९,२८४. ६४५ चा वर्ग ४,१६,०२५. दोन्हींची बेरीज ४,६५,३०९. तिचे वर्गमूळ सुमारे ६८२. पाठाच्या सुरुवातीला तिसऱ्याने सांगितलेला आकडा हाच होता. तो कोठून आला, हे आता तुम्हांला कळले. पुस्तकात वाचलेला आकडा आणि स्वतः काढलेला आकडा यांत फरक असतो. दुसरा आकडा आपण सहसा विसरत नाही.

परंतु ही रीत जवळच्या अंतरासाठीच ठीक आहे. आपण पृथ्वीचा लहानसा तुकडा सपाट मानला, म्हणून काटकोन त्रिकोण काढता आला. अंतर हजारो किलोमीटर असेल, तर पृथ्वीचा गोलपणा विसरून चालत नाही. तेव्हा काय करायचे? त्यासाठी एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे. पृथ्वीगोल, दोरा आणि मोजपट्टी एवढेच साहित्य तिला पुरते.

शाळेतील पृथ्वीगोल घ्या. समजा, त्याचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. ३० ला ३.१४ ने गुणले की त्याचा परीघ ९४.२ सेंटिमीटर येतो. खऱ्या पृथ्वीचे ४०,००० किलोमीटर या ९४.२ सेंटिमीटरमध्ये बसवलेले आहेत. म्हणून या गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. आता दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरा आणि दुसरे जेद्दावर. दोरा ताणा. सैल ठेवू नका. दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट शोधतो. मग तो पट्टीवर ठेवून मोजा. तो सुमारे ८.३ सेंटिमीटर भरेल. ८.३ गुणिले ४२५ म्हणजे ३,५०० किलोमीटरहून थोडे अधिक. गणिताच्या मोठ्या सूत्राने हेच अंतर काढले, तर सुमारे ३,५२० किलोमीटर येते. एका दोऱ्याने केलेले काम वाईट नाही!

ताणलेला दोरा ज्या रेषेवर बसतो, तिला 'बृहद्वृत्त' म्हणतात. पृथ्वीचे दोन समान भाग करणारे जे वर्तुळ, ते बृहद्वृत्त. गोलावरील कोणत्याही दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरूनच जाते.

आता दुसरा प्रश्न : कोणत्या वाटेने? १९९५ सालापर्यंत मुंबईहून हजचे प्रवासी जहाजानेही जेद्दाला जात असत. जहाज जमिनीवरून जाऊ शकत नाही. त्याला अरबी समुद्र ओलांडून, एडनच्या आखातातून, बाब-अल्-मंदबच्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरावे लागे आणि मग उत्तरेकडे जेद्दापर्यंत जावे लागे. ही वाट सुमारे ४,३०० किलोमीटरची होती आणि प्रवासाला कित्येक दिवस लागत. विमान मात्र अरबी समुद्रावरून, ओमानवरून आणि सौदी अरबस्तानच्या वाळवंटावरून सरळ जाते आणि पाच-साडेपाच तासांत पोहोचते. तीच मुंबई, तेच जेद्दा; पण वाट वेगळी, म्हणून अंतर वेगळे.

नकाशा हा शब्द उर्दूतून तुमच्या ओळखीचाच आहे. पण भिंतीवरील नकाशाही आपल्याला कसा चकवतो, ते पाहा. जगाच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क अशी पट्टीने सरळ रेषा काढा. ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाईल. त्या रेषेने जायचे म्हटले तर सुमारे १४,२०० किलोमीटर प्रवास होईल. आता तेच दोन बिंदू पृथ्वीगोलावर दोऱ्याने जोडा. दोरा पश्चिमेकडे न जाता वायव्येकडे, वरच्या बाजूला धावेल! तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे यांवरून जाईल. पुढे आइसलंड ओलांडून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडावर येईल आणि मग न्यूयॉर्कला पोहोचेल. दोरा मोजा. सुमारे २९.५ सेंटिमीटर, म्हणजे १२,५०० किलोमीटर. नकाशावर जी रेषा सरळ दिसत होती, ती १,७०० किलोमीटर लांबची निघाली. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली, की कोठेतरी ताण पडतो आणि आकार बिघडतो. त्यात नकाशाचा दोष नाही. तो कशासाठी वापरायचा, हे आपल्याला कळले पाहिजे.

प्रत्यक्षात विमान नेहमी दोऱ्याच्या वाटेनेच जाते का? तसेही नाही. विमानांसाठी आकाशात ठरवून दिलेले मार्ग असतात. वैमानिक जोराचा वारा आणि वादळ पाहून वाट बदलतात. उतरण्याची पाळी येईपर्यंत कधी कधी घिरट्याही घालाव्या लागतात. शिवाय आकाशालाही देशांच्या सीमा असतात. परवानगी नसेल, तर त्या देशावरून विमान जाऊ शकत नाही. २०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात युक्रेनचे युद्ध सुरू झाले. त्यानंतर रशियाने युरोपातील अनेक देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. फिनलंडची विमाने हेलसिंकीहून रशियावरून जपानमधील टोकियोला सुमारे साडेनऊ तासांत जात असत. आता त्यांना उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालावा लागला आणि प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. हेलसिंकी आपल्या जागी होते, टोकियोही आपल्या जागी होते. पृथ्वीगोलावरचा दोराही तेवढाच होता. पण माणसांमधील भांडणाने वाट लांबली.

म्हणूनच विमानात इंधन भरताना नुसत्या दोऱ्याच्या अंतराचा विचार करत नाहीत. ठरलेल्या मार्गाचे इंधन तर लागतेच. त्याशिवाय, एखाद्या कारणाने तेथे उतरता आले नाही, तर जवळच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतके इंधन घेतात. त्याच्याही वर आणखी ३० मिनिटे हवेत राहता येईल एवढे इंधन मोठ्या विमानात राखून ठेवतात. आगगाडीतील कोळसा किंवा डिझेल संपले, तर गाडी रुळावर उभी राहील. विमानाला आकाशात उभे राहता येत नाही.

येथे आपला तिसरा प्रश्न येतो : कोणत्या एककात? वैमानिक आणि खलाशी अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. ते 'सागरी मैल' वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे युक्ती आहे. एका अंशाचे ६० भाग केले, तर त्या प्रत्येक भागाला 'मिनिट' म्हणतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. म्हणून एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. दिल्ली आणि बंगळुरू यांच्यात १५.३७ अंश आहेत. ६० ने गुणा. उत्तर सुमारे ९२२ सागरी मैल. कोणी ९२२ म्हणाले आणि कोणी १,७०० म्हणाले, तर दोघांत भांडण होण्याचे कारण नाही. दोघांची मोजपट्टी वेगळी आहे, इतकेच.

पण एकक विसरले तर काय होते, ते पुढील घटनेवरून कळेल. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एक मोठे प्रवासी विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटन शहराकडे निघाले होते. त्याला २२,३०० किलोग्रॅम इंधनाची गरज होती. त्या काळात कॅनडात जुनी मापे जाऊन नवी मेट्रिक मापे येत होती. विमानातील इंधन दाखवणारे यंत्र बिघडलेले होते, म्हणून इंधनाचा हिशोब कागदावर केला गेला. हिशोब किलोग्रॅममध्ये करायचा होता; त्यात पौंडाचा आकडा वापरला गेला. एका किलोग्रॅममध्ये सुमारे २.२ पौंड असतात. त्यामुळे निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले. ते सुमारे ४१,००० फूट उंचीवर असताना इंधन संपत आले आणि थोड्या वेळाने दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाला इंजिन नसलेले ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्याने ते प्रचंड विमान तरंगत तरंगत खाली आणले आणि गिमली या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. विमानातील ६९ माणसे वाचली. गणितात उत्तराच्या पुढे एकक लिहिले नाही की शिक्षक गुण कापतात आणि तुम्हांला ते कडक वाटतात. या ६९ माणसांची आठवण ठेवा, म्हणजे तसे वाटणार नाही.

मुलांनो, आज एक बटण दाबले की यंत्र दोन विमानतळांमधील अंतर सांगते. ते यंत्रही हेच करते. दोन अक्षांश आणि दोन रेखांश घेते आणि गोलाचे गणित सोडवते. हे गणित विमानाच्या कितीतरी आधीपासून माणसाला येत होते. अक्षांश काढणे त्या मानाने सोपे होते. दुपारी सूर्य किती उंच आहे किंवा रात्री ध्रुवतारा किती उंच आहे, ते मोजले की अक्षांश मिळत असे. रेखांश मात्र कठीण होता. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश. दोन शहरांच्या स्थानिक वेळांतील फरक कळला, तर रेखांशांतील फरक कळतो. पण त्या काळी तार नव्हती, टेलिफोन नव्हता. एकाच क्षणी दोन शहरांत किती वाजले आहेत, हे कसे कळावे?

त्यावर विद्वानांनी एक उपाय शोधला. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होते. त्या वेळी अल्-बिरूनी हे मध्य आशियातील काथ या शहरात होते. त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. थोर गणिती अबुल वफा हे शेकडो मैल दूर बगदादमध्ये होते. दोघांनी आपापल्या शहरातून तेच ग्रहण पाहिले आणि आपापल्या शहराची वेळ टिपून ठेवली. पुढे दोन्ही वेळा ताडून पाहिल्या. फरक सुमारे एका तासाचा निघाला. त्यावरून दोन शहरांच्या रेखांशांतील फरक काढता आला.

पुढे अल्-बिरूनी यांनी नंदना येथील डोंगरावरून क्षितिज किती खाली दिसते, तो कोन मोजला. हे ठिकाण आजच्या पाकिस्तानातील पंजाबात आहे. डोंगराची उंची आणि हा कोन यांवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. ती आजच्या आकड्याच्या बरीच जवळ होती. १०२५ सालच्या सुमारास त्यांनी शहरांच्या जागा आणि त्यांमधील अंतरे कशी काढावीत, यावर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी ना विमान पाहिले होते, ना दुर्बीण. त्यांच्याजवळ कोन मोजण्याचे साधन होते, गणित होते आणि दुसऱ्या शहरात तीच गोष्ट प्रामाणिकपणे मोजणारा एक सोबती होता.

तुमच्याजवळ तर पृथ्वीगोलही आहे. उद्या शाळेत एक दोरा घेऊन या. तुमचे वडील, काका किंवा मामा दुबईला, रियाधला किंवा कुवेतला कामाला असतील, तर त्या शहरावर दोऱ्याचे एक टोक ठेवा आणि दुसरे टोक मुंबईवर. दोरा ताणा, मोजा आणि वहीत लिहा. कोठून कोठे, कोणत्या वाटेने आणि किती किलोमीटर, हे तिन्ही लिहायला विसरू नका.

शब्दार्थ

हवाई अंतर – दोन ठिकाणांमधील आकाशमार्गाचे सरळ अंतर
एकक – मोजण्याचे ठरलेले माप
परीघ – वर्तुळाच्या कडेची पूर्ण लांबी
व्यास – वर्तुळाच्या मध्यातून जाणारी, दोन कडा जोडणारी रेषा
त्रिज्या – व्यासाचा अर्धा भाग
निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा
वायव्य – उत्तर आणि पश्चिम यांच्यामधील दिशा
सामुद्रधुनी – दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची अरुंद पट्टी
घिरट्या घालणे – एकाच जागेभोवती फिरत राहणे
वळसा घालणे – सरळ न जाता लांबच्या वाटेने जाणे
ताडून पाहणे – दोन गोष्टी एकमेकींशी जुळवून पाहणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'हवाई अंतर' म्हणजे काय?
(आ) उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे किती किलोमीटर?
(इ) एक सागरी मैल म्हणजे किती किलोमीटर?
(ई) २४ मे ९९७ रोजीचे चंद्रग्रहण अबुल वफा यांनी कोणत्या शहरातून पाहिले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुंबई-नागपूरचे रेल्वेचे अंतर हवाई अंतरापेक्षा जास्त का आहे?
(आ) पूर्व-पश्चिम दिशेचा एक अंश सगळीकडे सारखा का नसतो?
(इ) कॅनडातील विमानाचे इंधन वाटेतच का संपले?

३. कारण सांगा.
(अ) विमानात गरजेपेक्षा जास्त इंधन राखून ठेवतात.
(आ) २०२२ नंतर हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास लांबला.

४. वाक्यात उपयोग करा.
वळसा घालणे, ताडून पाहणे, फसणे, उपयोगी पडणे.

५. उदाहरण सोडवा.
एका पृथ्वीगोलाचा व्यास २० सेंटिमीटर आहे. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर? त्यावर मुंबई ते जेद्दा हा दोरा किती सेंटिमीटर भरेल?

६. उपक्रम.
पृथ्वीगोल आणि दोरा यांच्या साहाय्याने मुंबईपासून लंडन, टोकियो आणि नैरोबी यांची अंतरे मोजा. तीच अंतरे भिंतीवरील नकाशावर पट्टीने मोजा. कोणत्या शहराच्या बाबतीत फरक सर्वांत जास्त आला आणि का, ते पाच-सहा ओळींत लिहा.